कॉम्प्युटरच्या पोटातलं पाणी

दोस्तांनो, मे महिन्यातली दुपार डोळ्यांसमोर आणा. गाव इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम. बाहेर पारा चाळिशी ओलांडून गेलेला. रस्त्यावर चिटपाखरू नाही. घरात मात्र कॉम्प्युटरवर मोटारींची शर्यत ऐन रंगात आली आहे. शेवटची फेरी, शेवटचं वळण... आणि कॉम्प्युटरचा पंखा असा काही किंचाळायला लागतो, की आतून आई विचारते, "भरदुपारी मिक्सर कोणी लावला रे?" पुढच्याच मिनिटाला पडद्यावरची गाडी अडखळायला लागते आणि शर्यत हातची जाते.

यात दोष गाडीचा नाही नि तुमचाही नाही. कॉम्प्युटरला ताप चढलाय! आतला प्रोसेसर 95 ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास पोचला, की स्वतःचा जीव वाचवायला आपला वेग आपणच कमी करतो.

मग कोणीतरी मोठा मित्र सांगतो, "पाण्यानं गार होणारा कॉम्प्युटर बनव. एकदम थंड, एकदम गप्प!" हे ऐकून बाबा म्हणतात, "विजेच्या वस्तूत पाणी? डोकं ठिकाणावर आहे ना?"

बाबांची शंका अगदी रास्त आहे, बरं का. असा कॉम्प्युटर बनवायचा कसा, ते आज आपण बघणार आहोत. पण त्याआधी पाणी तिथं नेमकं करतं काय, हे समजून घेऊ. ते न समजता खर्च केला, तर पैसे खरोखरच पाण्यात जायचे.

जरा अंगणात या. तिथं मोटारसायकल उभी आहे? बऱ्याच साध्या मोटारसायकलींच्या इंजिनाभोवती धातूच्या पातळ पट्ट्या दिसतात. इंजिनाची उष्णता या पट्ट्यांमध्ये पसरते आणि वारा ती घेऊन जातो. आता शेजारच्या काकांचा ट्रॅक्टर बघा. त्याच्या तोंडाशी जाळीदार रेडिएटर असतो. इंजिनाभोवती फिरलेलं गरम पाणी तिथं येतं, पंखा त्यावर वारा घालतो, थंड झालेलं पाणी परत इंजिनाकडे जातं. साध्या कॉम्प्युटरचं मोटारसायकलसारखं असतं आणि पाण्याच्या कॉम्प्युटरचं ट्रॅक्टरसारखं. प्रोसेसरच्या डोक्यावर तांब्याची एक पोकळ डबी बसवतात, तिला वॉटर ब्लॉक म्हणतात. छोटा पंप त्या डबीतून पाणी खेळवतो. पाणी उष्णता उचलतं, नळीतून रेडिएटरमध्ये जातं, तिथं ती हवेला देऊन टाकतं आणि पुन्हा कामाला लागतं. पाणी प्रोसेसरला शिवतसुद्धा नाही. सगळा प्रवास बंद नळीतून.

पाणीच का? लिटरभर पाणी एका अंशानं तापवायला सुमारे 4200 ज्यूल उष्णता लागते. लिटरभर हवेला सव्वा ज्यूलही पुरतो. म्हणजे तेवढ्याच जागेतलं पाणी हवेपेक्षा काही हजार पटींनी जास्त उष्णता वाहून नेतं. फार मोठा हमाल आहे तो!

पण हमालच, हे विसरू नका. उष्णता तो गिळून टाकत नाही, फक्त उचलून नेतो. एक गणित करून पाहू. गेम खेळताना चांगला कॉम्प्युटर सहज 400 वॅट वीज खातो आणि जवळजवळ तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. ही सगळी उष्णता लिटरभर पाण्यात सोडली आणि रेडिएटरचे पंखे बंद ठेवले, तर पाणी दर दहा सेकंदांनी सुमारे एक अंश तापेल. सात मिनिटांत 40 अंश वाढ! तेव्हा खरं काम रेडिएटरचं आणि त्यावरून जाणाऱ्या हवेचं. शेवटी सगळी उष्णता येते ती तुमच्याच खोलीत.

"माठातलं पाणी तर खोलीपेक्षा गार असतं की!" असं कोणीतरी म्हणणारच. माठ पाझरतो, बाहेर आलेलं पाणी वाळतं आणि वाळताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. आपल्या नळ्यांतून काही पाझरत नाही, पाझरायलाही नको! म्हणून या कॉम्प्युटरचं पाणी खोलीतल्या हवेपेक्षा थंड कधीच होत नाही. खोलीत 42 अंश असतील, तर भरात आलेल्या खेळात पाणी 52 ते 55 अंशांपर्यंत जाईल आणि प्रोसेसर त्याच्याही वर 20-25 अंश. चालेल, पण फार चैन उरत नाही. पाणी 60 अंशांच्या पुढे गेलं, तर पंप आणि नळ्यांचं आयुष्य घटतं. पुण्याच्या किंवा लंडनच्या मुलानं सांगितलेले आकडे आपल्याकडे मे महिन्यात लागू पडत नाहीत, ते यामुळेच.

आता आवाजाकडे येऊ. 'गप्प' हा या कॉम्प्युटरचा खरा गुण आणि त्यामागचं गणित मला फार आवडतं. पंख्याचा वेग निम्मा केला, तर त्याचा आवाज सुमारे 15 डेसिबलनी उतरतो. 10 डेसिबल कमी झाले, की आपल्या कानाला आवाज साधारण अर्धा वाटतो, म्हणजे ही उतरण मोठीच. अर्थात वेग निम्मा तर हवाही निम्मी. मग तेवढीच हवा मिळवायला एकाऐवजी दोन पंखे लावा. दोन सारखे पंखे एकत्र चालले, तर आवाज वाढतो फक्त 3 डेसिबलनी. 15 गेले, 3 आले, 12 डेसिबलचा निव्वळ नफा! म्हणून मोठा रेडिएटर घ्यायचा आणि त्यावर 120 मिलिमीटरचे दोन किंवा तीन पंखे रमतगमत फिरवायचे. शांतता पाण्यामुळे येत नाही. पाण्यामुळे मोठा रेडिएटर सोयीच्या जागी बसवता येतो आणि त्यामुळे शांतता येते.

हे काही फक्त खेळाचं वेड नाही, बरं का. देशाच्या संशोधनासाठी बनवलेल्या कॉम्प्युटरांनाही पाणी लागतं आणि त्या गोष्टीची सुरुवात आपल्या वऱ्हाडातच होते. इंझोरीहून कारंज्याला जायचं, पुढे मूर्तिजापूर गाठायचं. त्या तालुक्यात मुरंबा नावाचं गाव आहे. नाव गोड आहे की नाही? 1946 साली डॉ. विजय भटकर यांचा जन्म तिथं झाला. पुढे पुण्याच्या 'सी-डॅक' या संस्थेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताचा 'परम 8000' हा महासंगणक 1991 साली तयार झाला. वाशीम जिल्हा तेव्हा वेगळा नव्हता. तो 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून निघाला. म्हणजे 'परम' आला तेव्हा इंझोरी आणि मुरंबा एकाच जिल्ह्यातली गावं होती!

त्याच 'परम'च्या घराण्यातला 'परम ब्रह्म' 2019 साली पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेत बसवला गेला. त्याची ताकद सुमारे 797 टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला 797 लाख कोटी आकडेमोडी. इतके प्रोसेसर दाटीवाटीनं बसवले, की नुसत्या वाऱ्याचं काम राहत नाही. म्हणून तिथं पाणी थेट चिपवरच्या पाट्यांपर्यंत नेलं. अमेरिकेतला 1985 सालचा 'क्रे-2' तर आणखी अजब. त्याची सर्किटं वीज वाहून न नेणाऱ्या एका खास द्रवात चक्क बुडवून ठेवलेली असत.

आपल्याला काही बुडवायचं नाही. आपण घरच्या कॉम्प्युटरकडे येऊ.

पालकांनो, हा मजकूर तुमच्यासाठीही आहे. पाण्याचे दोन प्रकार मिळतात. एक बंद संच. यात पंप, नळ्या, रेडिएटर सगळं कारखान्यातूनच जोडून, पाणी भरून येतं. दुसरा सुटा संच. एकेक भाग वेगळा घेऊन नळ्या कापायच्या, जोडायच्या, पाणी स्वतः भरायचं. पहिल्यांदा बनवणाऱ्यानं बंद संचच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. त्याला खर्च कमी, गळतीची भीती कमी. आणि खरं सांगायचं, तर हवेवर चालणारा एखादा चांगला मोठा कूलर याहून स्वस्तात जवळपास तेवढंच काम करतो. त्यात पंप नाही, म्हणजे बिघडायलाही कमी. पैशांची ओढाताण असेल, तर तोच घ्या आणि उरलेले पैसे ग्राफिक्स कार्डात घाला.

ग्राफिक्स कार्डावरून आठवलं. खरी गोम तिथंच आहे! गेमिंग कॉम्प्युटरमध्ये सगळ्यात जास्त तापतं ते बहुधा ग्राफिक्स कार्ड, आणि बंद संच गार करतो फक्त प्रोसेसरला. कार्डाचे स्वतःचे पंखे ओरडायचे ते ओरडणारच. त्यावर एक फुकटचा उपाय आहे. तुमचा पडदा सेकंदाला 60 चित्रं दाखवत असेल, तर गेमच्या सेटिंगमध्ये मर्यादाही 60 ठेवा. न दिसणारी चित्रं बनवण्यात कार्डानं घाम कशाला गाळायचा? उष्णता कमी, आवाज कमी, विजेचं बिलही कमी. 400 वॅटचा कॉम्प्युटर अडीच तासांत एक युनिट खातो, हे बाबांना आधीच सांगून ठेवा. नंतर कळण्यापेक्षा बरं.

आता जोडणी. घरातलं मोठं माणूस सोबत हवंच, आणि प्लग भिंतीतून काढलेला हवा. घराचं अर्थिंग ठीक आहे की नाही, हे आधी वायरमनकाकांकडून बघून घ्या. प्रोसेसर मदरबोर्डवर बसवताना जोर लावायचा नाही. खुणेचा कोपरा जुळला, की तो आपल्या वजनानं बसतो. त्यावर थर्मल पेस्टचा वाटाण्याएवढा ठिपका. वॉटर ब्लॉकच्या खाली प्लॅस्टिकचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असतो, तो आधी सोलून काढा. हसू नका, तो तसाच ठेवून "माझा कॉम्प्युटर का तापतो?" असं विचारणारे शहाणे खूप आहेत! स्क्रू समोरासमोरचे, थोडे थोडे पिळायचे, ट्रॅक्टरच्या चाकाचे नट पिळतात तसे. रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावा. पाण्यातली हवा नेहमी सगळ्यात उंच जागी जाऊन बसते. ती जागा पंपाची असली, तर पंप गुडगुडतो आणि लवकर मरतो. सुरुवातीला थोडी गुडगुड येतेच. कॅबिनेट हळूच पुढे-मागे कलवलं, की बुडबुडे रेडिएटरमध्ये सरकतात.

पंप एका ठरावीक वेगानं चालू द्या. पंख्यांना मात्र पाण्याच्या तापमानाप्रमाणे सावकाश वाढायला सांगा. नाहीतर प्रोसेसर क्षणभर तापला की पंखे ओरडतात, निवला की गप्प होतात, पुन्हा ओरडतात. एकसारख्या आवाजापेक्षा हा वर-खाली होणारा आवाज डोकं जास्त उठवतो.

पुढे कधी सुटा संच करायचं धाडस केलंत, तर दोन गोष्टी डोक्यात ठेवा. पहिली, त्यात बोअरचं पाणी घालायचं नाही. कूलरच्या गवतावर, पाणी तापवायच्या भांड्यात जो पांढरा थर बसतो ना, तोच थर वॉटर ब्लॉकच्या केसासारख्या बारीक फटींत बसेल आणि रस्ता बंद. त्यासाठी तयार कूलंट मिळतं. तेच घ्या. ते पाण्यात शेवाळ धरू देत नाही आणि धातूला गंजू देत नाही. तांबं आणि अ‍ॅल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवू नका, अ‍ॅल्युमिनियम झिजायला लागतं. दुसरी गोष्ट म्हणजे गळतीची परीक्षा. मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड, सगळ्यांच्या वायरी काढून फक्त पंपाला वीज द्यायची. प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवायचा आणि 24 तास पंप चालवायचा. कागदावर एक जरी ओला ठिपका दिसला, तर वीज बंद, पाणी बाहेर, जोड पुन्हा. शुद्ध पाणी वीज फारशी वाहून नेत नाही, हे पुस्तकात खरं आहे. पण धूळ आणि क्षार मिसळलेला एक थेंब मदरबोर्ड जाळायला पुरतो. इथं घाई करणाऱ्याचे वर्षभर साठवलेले पैसे एका मिनिटात जातात.

आणि लाइट गेली तर? पंप बंद पडेल, पण प्रोसेसरही त्याच क्षणी बंद, त्यामुळे जळण्याची भीती नाही. नुकसान होतं ते अर्धवट राहिलेल्या कामाचं. इन्व्हर्टरवर यूपीएसचं बटण असेल तर ते चालू ठेवा आणि इन्व्हर्टर 400 वॅटचा भार पेलतो का, हे आधी तपासा. घरातले दोन पंखे आणि दिवेही त्याच्याच जिवावर असतात.

सोयाबीनची मळणी सुरू झाली, की घरात धूळच धूळ. तेव्हा रेडिएटरची जाळी दर पंधरा दिवसांनी मऊ ब्रशनं झाडायची. एरवी महिन्यातून एकदा पुरे. झाडताना पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा.

राहता राहिला खोलीतला कूलर. आपल्याकडची उन्हाळी हवा कोरडी, त्यामुळे कूलर खोली चांगली दहा अंशांनी उतरवतो आणि तेवढंच कॉम्प्युटरचं पाणीही उतरतं. फक्त त्याचं तोंड कॅबिनेटकडे करू नका, तुषार आत जातात. गंमत अशी, की एवढं सगळं करून गप्प केलेला कॉम्प्युटर उन्हाळ्यात कूलरच्या घरघरीत ऐकूच येत नाही. त्याचा गप्पपणा ऐकायचा असेल, तर डिसेंबरमधल्या एखाद्या रात्री, सगळे झोपल्यावर सुरू करून बघा. पंखे फिरतायत ना, हे हात लावून नाही, वाकून डोळ्यांनी बघावं लागेल.