जुनं इंजिन, नवं ऑइल

१ मे १९८१ला सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला, तेव्हा मालवण-कुडाळ रस्त्यावर बिडाच्या इंजिनाची बुलेट, प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर आणि डिझेल जीप एवढंच प्रामुख्याने दिसायचं. ऑइलची निवडही सोपी होती. आधी चाळीस नंबर, पुढे वीस-चाळीस आणि वीस-पन्नास. ‘जुनी गाडी आसा, जाड ऑइल घाल’ एवढ्या सल्ल्यावर भागायचं.

भागायचं, कारण त्या जाड तेलात झिंकही भरपूर असायचं. झिंक डायअल्किलडायथायोफॉस्फेट हे त्याचं पूर्ण नाव. १९४०च्या दशकात ते तेलात आलं ते बेअरिंग गंजू नये म्हणून. झीजही थांबते, हे नंतर ध्यानात आलं. जुन्या बुलेटचा टॅपेट काढून पाहा. त्याचा तळ सपाट असतो आणि कॅमचं नाक त्यावरून घासत जातं. दोघांची गाठ पडते ती जेमतेम रेघेएवढ्या जागेत, तीही प्रचंड दाबाखाली. तिथे नुसत्या तेलाचा थर टिकत नाही. घासण्याच्या उष्णतेने झिंक फुटतं आणि धातूवर फॉस्फेटचा काचेसारखा पापुद्रा धरतं. मग झिजतो तो पापुद्रा, पोलाद वाचतं.

नव्वदच्या दशकात चित्र पालटलं. १ एप्रिल १९९५पासून चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर सक्तीचा झाला. झिंकच्या या संयुगात फॉस्फरसही असतो आणि तो कन्व्हर्टरचा वैरी. म्हणून १९९६च्या एसजे या ऑइल-दर्जात पातळ ऑइलमधल्या फॉस्फरसला ०.१० टक्क्याची मर्यादा आली आणि २००४च्या एसएममध्ये ती ०.०८ टक्के झाली. अनेक नव्या इंजिनांत कॅमवर रोलर फिरतो, त्यांचं काही अडलं नाही. सपाट टॅपेटवाल्यांना मात्र काळजी लागली आणि झिंक अ‍ॅडिटिव्हच्या बाटल्या खपू लागल्या.

ही काळजी बरीचशी अनाठायी होती. ०.०८ची मर्यादा पाच-तीस, दहा-तीस अशा पातळ ग्रेडना आहे. वीस-पन्नासला ती लागू नाही. पंधरा-चाळीस डिझेल ऑइलमध्येही झिंक पुरेसं असतं. पद्मिनी, जीप, जुनी बुलेट यांना एवढं पुरतं. जुन्या बुलेटचा गिअरबॉक्स वेगळा असल्याने तिच्या इंजिनात मोटारीचं ऑइल चालतं. क्लच आणि इंजिन एकाच तेलात बुडालेल्या बाइकला मात्र डब्यावर ‘जासो एमए’ हवंच, नाहीतर क्लच घसरतो. बाटलीची गरज पडते ती नवा कॅम बसवल्यावर, पहिल्या काही तासांपुरती. एरवी झिंक प्रमाणाबाहेर गेलं, तर ते कॅमलाच बाधतं.

आपल्या किनाऱ्यावर थंडीसाठीचं शून्य किंवा पाच डब्ल्यूचं ऑइल जुन्या इंजिनाला लागत नाही. आपल्याकडचा खरा शत्रू ओल आहे. बाजारापर्यंतच्या छोट्या फेरीत इंजिन पुरतं तापत नाही, आत साठलेलं पाणी उडत नाही आणि झाकणाखाली पांढरी साय धरते. तसलं पाणी मिसळून आम्लयुक्त झालेलं तेल पोटात ठेवून गाडी चार महिने पावसाळ्यात उभी राहिली, तर बेअरिंग गंजतात.

म्हणून जुनी गाडी राखणाऱ्यांना कळकळीने सांगतो, बाटलीवरचे पैसे वाचवा आणि मृगापूर्वी ऑइल बदला. ऑइल घेताना डब्याची पुढची जाहिरात सोडून मागचा दर्जा आणि ग्रेड वाचा. या गाड्यांचे सुटे भाग आता दुर्मीळ झालेत. वेळेवर बदललेलं ऑइल त्यांच्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.