घरातील ओल आणि तिचा हिशेब

धार व देवास ही दोन्ही गावे माळव्याच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० ते ६०० मीटर उंचीवर वसलेली आहेत. येथील हवेच्या कोरडेपणाचा लौकिक मोठा आहे. क्षयाने ग्रासलेले थोर गायक कुमार गंधर्व १९४८ साली वैद्यकीय सल्ल्यावरून देवास येथे राहावयास आले, ते या कोरड्या हवेकरिताच. येथेच त्यांची प्रकृती सुधारली आणि १९९२ साली देहावसान होईपर्यंत त्यांचे वास्तव्य येथेच राहिले. परंतु हा लौकिक आठ महिन्यांचा आहे. आषाढ लागला की आपली काळी जमीन पाणी धरून ठेवते, भिंतींना ओल येते, कपाटे दरवळू लागतात, पापड मऊ पडतात आणि वह्यांची पाने एकमेकांस चिकटतात. कोकणातील माणूस ओलीशी झुंजण्याची तयारी आधीपासून ठेवतो. आपण मात्र कोरड्या हवेच्या भरवशावर गाफील राहतो. आपल्याकडील नुकसानीचे मूळ बहुधा यातच आहे.

धान्याच्या व्यापारात ओल म्हणजे रोख पैसा होय. गव्हाच्या सरकारी खरेदीचा सर्वसाधारण नियम असा की, १२ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो, त्यापुढे १४ टक्क्यांपर्यंत किंमत कापली जाते आणि त्याहून अधिक ओला माल नाकारला जातो. दुकानात आपण या दोन टक्क्यांवर डोळा ठेवून असतो. घरी मात्र वर्षाचे धान्य, लग्नातील शालू, खरेदीखते आणि वडिलार्जित कागद यांचा कारभार दैवावर सोपवितो. हल्ली बाजारात आर्द्रता शोषून घेणारे डबे, कपाटात टांगावयाच्या पिशव्या आणि लहान पुड्या सर्वत्र मिळतात. त्या आणल्या म्हणजे काम झाले, अशी अनेकांची समजूत असते. म्हणून या वस्तूंविषयी चार शब्द लिहावेसे वाटले.

पहिली गोष्ट ही की, शोषक द्रव्य ओल नाहीशी करीत नाही. ते ती स्वतःजवळ जमा करते. व्यापारी भाषेत बोलावयाचे तर ते एक जमाखाते आहे. खाते भरले की ते वेळेवर मिटविले पाहिजे. नाहीतर ते असून नसल्यासारखेच.

दुसरी गोष्ट, शोषक बंद जागेतच उपयोगी पडतो. याचा हिशेब सोपा आहे. पावसाळ्यातील २७ अंश उष्णतेच्या दमट हवेत दर घनमीटरला सुमारे २० ग्रॅम पाणी असते. एक घनमीटरचे कपाट घट्ट बंद असेल, तर लहानशी पिशवीही ते कोरडे राखील. उलट दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशा खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा, म्हणजे जवळजवळ ७०० ग्रॅम पाणी असते. आणि दारे-खिडक्या उघड्या असल्या की ती हवा तासातासाला बदलते. अशा खोलीच्या कोपऱ्यात एखादा डबा ठेवणे म्हणजे तळ्यातले पाणी वाटीने उपसणे होय. खोलीच कोरडी करावयाची असेल तर विजेचे यंत्र हवे, आणि तेही दारे-खिडक्या लावूनच चालवावे.

आता शोषकांचे प्रकार पाहू. डब्यांतून व टांगत्या पिशव्यांतून जे पांढरे खडे असतात ते बहुतेक कॅल्शियम क्लोराइडचे. दमट हवेत ते आपल्या वजनाच्या दुपटीहून अधिक पाणी ओढतात आणि स्वतः विरघळून त्याचे पाणी होते. ते खाली साचू लागले की डबा आपले काम करीत आहे असे समजावे. खडे संपले की तो बदलावा. हे साचलेले पाणी साधे नव्हे. ते धातूला गंज आणते, चामड्यास खराब करते आणि कापडावर सांडले तर ते कापड वाळतच नाही, कारण त्यातील क्षार हवेतील ओल पुनःपुन्हा ओढत राहतो. डाग स्वच्छ पाण्याने लगेच व पुष्कळ धुवावा. देवास येथील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात अशी पिशवी कपाटाच्या दांडीला टांगलेली होती आणि तिच्याच खाली घराण्याचे मोडी कागद ठेवलेले होते. श्रावणात पिशवी भरून गळू लागली. देशी शाईची अक्षरे फुटली आणि जमिनीच्या जुन्या वादातील दोन कागद वाचता येईनासे झाले. राखणीस ठेवलेल्या वस्तूनेच घात केला. यास्तव असा डबा किंवा पिशवी कागद, दागिने व रेशमी वस्त्रे यांच्या वर कधीही ठेवू नये. सर्वांत खालच्या कप्प्यात, उथळ ताटलीत, वेगळी ठेवावी.

कागदपत्रांस सिलिका जेल अधिक योग्य. हे काचेसारखे दाणे आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल घेतात, परंतु विरघळत नाहीत. सुमारे १२० अंश उष्णतेवर एक-दोन तास तापविले की ते पुन्हा कामास येतात. मात्र कागदी किंवा प्लास्टिकच्या पुडीसह तापवू नयेत, आणि स्वयंपाकाचे भांडे त्यासाठी वापरू नये. निळे दाणे ओलीने गुलाबी होतात, त्यामुळे भरल्याची खूण पटते. पण त्या निळ्या रंगातील कोबाल्टचा क्षार आरोग्यास अपायकारक असल्याने ते दाणे खाद्यपदार्थांजवळ नसावेत.

जुन्या काळचा कळीचा चुना हाही चांगला शोषक होय. एक किलो चुना सुमारे ३२० ग्रॅम पाणी घेतो. तो घेताना तापतो आणि फुगतो, म्हणून मातीचे भांडे तिसरा हिस्साच भरावे आणि चुन्यावर पाण्याचा थेंब पडू देऊ नये. डोळ्यात गेल्यास इजा भयंकर होते; पुष्कळ पाण्याने डोळा धूत राहावे आणि ताबडतोब डॉक्टरांकडे जावे. साधे मीठ मात्र हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेल्यानंतरच ओल ओढते, म्हणून त्याचा उपयोग थोडा.

धान्याच्या बाबतीत शोषकावर विसंबू नये. १४ टक्के ओलाव्याचा एक क्विंटल गहू १२ टक्क्यांवर आणावयाचा तर त्यातून सव्वादोन किलो पाणी काढावे लागते. पाच ग्रॅमची सिलिका जेलची पुडी फार तर दीड ग्रॅम पाणी घेते. म्हणजे दीड हजार पुड्या लागतील! तेच काम वैशाखातील दोन-तीन उन्हे फुकट करतात. ऊन दिलेला गहू सावलीत निववूनच कोठीत भरावा. गरम भरल्यास आत घाम सुटतो. कोठी फळीवर, भिंतीपासून हातभर दूर ठेवावी आणि झाकण पुन्हापुन्हा उघडू नये. निंबाचा पाला घालावयाचा तर तो पूर्ण वाळलेला असावा. तो ओल शोषत नाही, आणि ओला असेल तर वाढवितो. कोरड्या धान्यास कीड कमी लागते, त्यामुळे ती मारण्याचा प्रसंगही टळतो. जीवदया पाळणाऱ्या घरांना हा लाभ लहान नव्हे.

येथे एक गंभीर सूचना करणे आमचे कर्तव्य आहे. गोदामात धान्याच्या धुरीसाठी ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या वापरतात. काही जण त्या फडक्यात बांधून घरच्या कोठीत ठेवतात. हवेतील ओल लागताच त्या गोळ्यांतून फॉस्फीन हा प्राणघातक वायू सुटतो. झोपेत असलेली कुटुंबेच्या कुटुंबे या वायूला बळी पडलेली आहेत. ही गोळी राहत्या घरात, शेजारच्या खोलीतदेखील, कदापि आणू नये. नोकरचाकरांसही हे बजावून सांगावे. शोषकाच्या पुड्याही लहान मुलांच्या हाती लागू देऊ नयेत.

राहिली गोष्ट वेळेची. आपल्या पूर्वजांनी ती बांधून दिलेली आहे. दिगंबर परंपरेतील श्रुतपंचमी ज्येष्ठ शुद्ध पंचमीस, म्हणजे पावसाच्या तोंडावर येते. श्वेतांबर परंपरेतील ज्ञानपंचमी कार्तिक शुद्ध पंचमीस, म्हणजे पाऊस सरल्यावर. या दिवशी ग्रंथ बाहेर काढून, झाडून, नवी वेष्टने घालून त्यांचे पूजन करण्याची चाल आहे. श्रुतपंचमीस कपाटे रिकामी करून पुसावीत, कागद कोरडे करून ठेवावेत आणि ताजे शोषक मांडावेत. पुढे दर पंधरवड्यास ते पाहावेत, भरलेले बदलावेत, आणि बदलल्याची तारीख डब्यावर लिहावी. ज्ञानपंचमीस सर्व बाहेर काढून कपाटास वारा द्यावा. तीच तिथी आपली लाभपंचमी. त्या दिवशी दुकानाचा नवा व्यवहार सुरू होतो. त्याच दिवशी घरातील ओलीचेही खाते मिटवून टाकावे.