आजीला कसे कळले? : वनौषधींचे ज्ञान आणि त्याच्या मर्यादा



मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारले, "सर, प्रयोगशाळा नव्हती, सूक्ष्मदर्शक नव्हता, मग कोणत्या झाडाने कोणता रोग बरा होतो हे जुन्या लोकांना कळले तरी कसे?" यावर दोन उत्तरे नेहमी ऐकू येतात. एक, ऋषींना दिव्यदृष्टी होती. दुसरे, सगळा योगायोग. आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवले, त्यामुळे "कळले" म्हटले की "कोणत्या प्रमाणाने कळले?" असे विचारायची आम्हाला खोडच आहे. ज्ञान कोणत्या वाटेने आले ते समजले, की त्याच्यावर कुठवर भरवसा ठेवायचा तेही समजते. आज तेवढेच पाहू.

पहिली वाट निरीक्षणाची. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात एक प्रांजळ कबुली आहे. वनस्पतींची नावे आणि रूपे कोणाला ठाऊक असतात? तर शेळ्यामेंढ्या राखणाऱ्यांना, गुराख्यांना, वनात राहणाऱ्यांना. म्हणजे ग्रंथकारच सांगतो आहे की पहिले माहीतगार रानातले आहेत. गुरे काय खातात, काय टाळतात, काय खाल्ल्यावर हगवण लागते, हे गुराखी रोज बघतो. आफ्रिकेतले एक उदाहरण देतो. टांझानियातल्या महाले पर्वतात 1987 साली मायकेल हफमन यांना एक आजारी चिंपांझी मादी दिसली. ती एका झुडपाची साल काढून आतला अत्यंत कडू गाभा चावत होती, रस गिळत होती आणि चोथा थुंकत होती. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हिंडूफिरू लागली. गंमत अशी, की त्याच भागातले टोंग्वे लोक पोटाच्या तक्रारींवर तेच झुडूप वापरतात. आता एका मादीवरून काही सिद्ध होत नाही. ती आपोआपही बरी झाली असेल. पण शोधाची सुरुवात कशी होत असेल, हे त्यातून दिसते.

दुसरी वाट जिभेची. कडू, तिखट, तुरट चवींमागे बहुधा वनस्पतींची स्वसंरक्षणाची रसायने असतात. झाड ती किड्यांपासून वाचण्यासाठी बनवते. जे किड्याला मारते ते थोड्या मात्रेत आपल्या शरीरातही काहीतरी घडवते. म्हणून भुकेपोटी नवी पाने-मुळे चाखणाऱ्या माणसाला औषध आणि विष एकाच ताटात सापडले. आपला मसाल्याचा डबा आणि आजीचा बटवा यांत निम्म्या वस्तू सारख्याच असतात ना! ओवा, सुंठ, हळद, लवंग, जायफळ. ते उगाच नाही.

तिसरी वाट जरा फसवी आहे : साम्याची. मूळ सापासारखे वळलेले दिसले, की ते सर्पदंशावर चालणार. सर्पगंधेचे असेच झाले. मुंगूस सापाशी झुंजण्याआधी हे मूळ खातो, अशी कथाही तिला चिकटली. सर्पदंशावर ती उपयोगी नाही. मग समजूत टिकली कशी? कारण पुष्कळसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असे नाही. माणूस वाचला, श्रेय मुळीला मिळाले. माणूस गेला, तर "उशीर झाला" म्हणायचे. न्यायशास्त्रात आपण अन्वय आणि व्यतिरेक शिकतो. औषध दिले आणि बरा झाला, हा अन्वय. औषध न देता काय झाले असते, हा व्यतिरेक. तो इथे कोणी तपासलाच नाही.

पण त्याच सर्पगंधेचा दुसरा उपयोग बिहार-बंगालकडचे लोक करत होते : भ्रमिष्टाला शांत करणे, झोप आणणे. हा गुण खरा निघाला. 1931 साली कोलकात्याच्या सेन आणि बोस यांनी त्यावर लिहिले. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांचा उच्च रक्तदाबावरचा निबंध 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला, आणि 1952 साली त्या मुळीतून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले. एकच मुळी, दोन समजुती. एक खोटी, एक खरी. आरडाओरडा करणारा माणूस शांत झाला की सगळ्या घराला दिसते, आणि पुन्हा दिले की पुन्हा दिसते.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. परंपरा म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांची स्मरणशक्ती. जो परिणाम लवकर, ठळक आणि वारंवार दिसतो, तो ती फार चांगला टिपते. जुलाब, उलटी, घाम, झोप, वेदना थांबणे, यांत तिचा हात धरणे कठीण. पण जे नुकसान वीस वर्षांनी होते, त्याचा धागा कोण जोडणार?

युरोपात अॅरिस्टोलोकिया नावाची वेल बाळंतपणात शतकानुशतके वापरली गेली. त्या ग्रीक नावाचा अर्थच सुखप्रसूतीशी जोडलेला आहे. 1990 नंतर बेल्जियममध्ये वजन घटवण्याच्या गोळ्यांमधून याच कुळातली वनस्पती पोटात गेली आणि अनेक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली; पुढे काहींना कर्करोगही झाला. घरचे उदाहरण घ्या. आमच्या आजीने आम्हाला सहाणेवर वेखंड उगाळून चाटवले आहे, आणि तिच्या मायेबद्दल तिळमात्र शंका नाही. पण भारतीय वेखंडाचे तेल उंदरांना दीर्घकाळ खाऊ घातले, तेव्हा त्यांच्या आतड्यात गाठी आढळल्या, आणि 1968 साली अमेरिकेत अन्नपदार्थांत वेखंड घालायला बंदी झाली. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. चाटण म्हणजे तेल नव्हे, हेही खरे. पण आमच्या नातवंडाला वेखंड द्यायचे का, असे घरात विचारले गेले तेव्हा आम्ही नको म्हणालो. घरात दोन दिवस अबोला होता. आजीचा अपमान केला, असे काहींना वाटले.

आम्हाला तसे वाटत नाही. पोटफुगी थांबते का, हे आजी डोळ्यांनी पाहू शकत होती. तेवढे तिने नीट पाहिले. पुढचे पाहण्याचे साधन तिच्याकडे नव्हते. चरकसंहिताही गुराख्यापाशी थांबत नाही. नाव-रूप कळणे पुरेसे नाही. देश, काळ आणि माणूस पाहून योजना जाणतो तो खरा वैद्य, असे ती लगेच पुढे सांगते. आप्तवचन, प्रत्यक्ष आणि अनुमान यांच्या जोडीला ती 'युक्ती' हे चौथे प्रमाण मानते : अनेक कारणे एकत्र जुळवून निर्णय करणारी बुद्धी.

तेव्हा "हजारो वर्षांचे आहे" असे कोणी म्हटले, की मान डोलावण्याआधी एक प्रश्न विचारा : याचा परिणाम त्या लोकांना दिसण्याजोगा होता का? लवकर दिसणारा असेल, तर त्यांचे म्हणणे आदराने ऐका आणि तपासून घ्या. उशिरा दिसणारा असेल, तर हजार वर्षेही पुरत नाहीत. आणि हो, चालू असलेली रक्तदाबाची गोळी आमचे व्याख्यान ऐकून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.

इथेच थांबतो.