न पाहिलेल्या चित्राची परीक्षा

१९६४ साली हार्वर्ड विद्यापीठात रिचर्ड हर्नस्टाइन आणि डी. एच. लव्हलँड कबुतरांना रंगीत स्लाइड दाखवत होते. स्लाइडमध्ये माणूस असताना बटणावर चोच मारली, की मधूनमधून दाणे मिळत. माणूस नसेल, तर कितीही टोचलं तरी काही मिळत नसे. हा माणूस कधी झाडाआड अर्धा लपलेला, कधी गर्दीत, कधी कोपऱ्यात इवलासा. कधी म्हातारा, कधी लहान मूल. कबुतरांनी तो ओळखला.

पण पाठांतर आणि समज यांत फरक आहे आणि कबुतराचं पाठांतर जबरदस्त. पुढे १९८४ मध्ये हार्वर्डमध्येच कबुतरांनी कसलंही सूत्र नसलेल्या ३२० स्लाइडांतल्या ‘दाण्याच्या’ आणि ‘बिनदाण्याच्या’ निव्वळ लक्षात ठेवल्या. दोन वर्षांनंतरही त्या आठवत होत्या! म्हणूनच खरी कसोटी लागते ती कधीच न पाहिलेल्या चित्रावर.

ती कसोटी टोकियोत शिगेरू वातानाबे यांच्या कबुतरांनी दिली. मोने आणि पिकासो यांची चित्रं वेगळी करायला ती शिकली होती. १९९५ च्या शोधनिबंधानुसार, या चित्रकारांची नवी चित्रंही त्यांनी ओळखलीच. शिवाय शैली जुळणाऱ्या इतर चित्रकारांपैकी रेन्वारला मोनेच्या आणि ब्राकला पिकासोच्या गटात घातलं.

तरीही शंका उरतेच. रंग किंवा रेषांची धाटणी डोळ्यांना थेट दिसते. ‘सारखेपणा’ मात्र कुठल्याच एका वस्तूत नसतो, तो दोन वस्तूंच्या नात्यात असतो. असं नातं प्राण्याला कळतं का?

ऑक्सफर्डमधल्या अँटोन मार्टिन्हो आणि अ‍ॅलेक्स काचेल्निक यांनी २०१६ मध्ये नेमका हाच प्रश्न बदकाच्या पिल्लांपुढे ठेवला. अंड्यातून बाहेर पडून जेमतेम दिवस झालेली ही पिल्लं. पहिली हलती वस्तू आई समजून तिच्यामागे जायचं, ही त्यांची उपजत खोड. त्यांच्यासमोर आईऐवजी टांगलेल्या दोन वस्तू फिरवल्या: काहींना दोन सारखे गोल, काहींना दोन वेगळे आकार. मग दोन्ही जोड्या अनोळखी. एकीकडे दोन पिरॅमिड, दुसरीकडे एक घन आणि एक लांबट ठोकळा. गोल पाहिलेलं पिल्लू कुठे जाणार?

बहुतेक पिल्लं पिरॅमिडांमागे गेली. वेगळे आकार पाहिलेली बहुतेक ठोकळ्यांच्या जोडीमागे. दाण्याचं आमिष नाही, सराव नाही. संशोधकांच्या मते, खरी आई पुढून, बाजूने, गवताआडून दर क्षणाला वेगळी दिसते. एकाच दृश्याचा ठसा घेऊन बसलेलं पिल्लू तिला हरवून बसेल. भागांचं आपसांतलं नातं टिपणाऱ्याला ती सापडत राहते.