पाचोळ्याचा धूर साधा नसतो

माघ-फाल्गुनात पानगळ सुरू झाली की पन्हाळ्यावर अंगण झाडायचे, पाल्याचा ढीग लावायचा आणि त्याला काडी लावायची, ही रीत जुनीच आहे. धुराबद्दल बोलले की उत्तर ठरलेले असते, ‘डॉक्टर, प्लास्टिक कुठं जाळतोय? नुसता पालाच हाय की!’

पाला नैसर्गिक असतो, हे खरे. पण तंबाखू हेही झाडाचे पानच आहे. ढिगातला खालचा पाला ओलसर असतो, त्याला हवा मिळत नाही. तो भडकून जळण्याऐवजी तासन्‌तास धुमसतो. अशा अर्धवट ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड, बेन्झीन, फॉर्माल्डिहाइड आणि अतिसूक्ष्म कण बाहेर पडतात. आपल्या केसाची जाडी सुमारे ७० मायक्रॉन असते. हे कण अडीच मायक्रॉनहूनही बारीक असल्याने नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसातील वायुकोशांपर्यंत पोहोचतात. कार्बन मोनॉक्साइड रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूच्या दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. म्हणून हृदयविकाराच्या रुग्णाच्या छातीत दुखू लागते, तर दमेकऱ्याला धाप लागते. लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो. त्यामुळे वजनाच्या मानाने त्यांच्या पोटात नव्हे, छातीत अधिक धूर जातो.

सकाळची वेळ तर सर्वांत वाईट. थंडीत जमिनीलगतची हवा गार व जड असते आणि तिच्यावर उबदार हवेचे झाकण बसते. धूर वर न जाता गल्लीतच रेंगाळतो. त्याच वेळी मुले शाळेला आणि वृद्ध फिरायला निघालेले असतात. कण्हेर, काजू व बिब्बा यांचा पाला तर मुळीच जाळू नये. त्यांचा धूर डोळे, त्वचा व श्वासनलिकेला विशेष त्रासदायक असतो.

कायदाही याबाबत स्पष्ट आहे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी रस्त्यावर व सार्वजनिक मोकळ्या जागेत कचरा जाळण्यास मनाई केली आणि बागेतला पाला वेगळा साठवण्यास सांगितले. डिसेंबर २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने उघड्यावर कचरा जाळणाऱ्यास ५,००० रुपये, तर मोठ्या प्रमाणावर जाळणाऱ्यास २५,००० रुपये भरपाई ठरवली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानुसार राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहे. आपला गड उंचावर, वारा सुसाट आणि उतारावरचे गवत वाळलेले. अंगणातली एक ठिणगी वणव्याला पुरते. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या या गडाची राखण आपल्यालाच करायची आहे.

मग पाल्याचे करायचे काय? परसात दोन-तीन फूट खोल खड्डा घ्यावा. पाल्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर माती असे थर देऊन ओलावा राखावा, अधूनमधून खालीवर करावे. काही महिन्यांत उत्तम खत मिळते. झाडाच्या बुंध्याभोवती पाला पसरला, तर उन्हाळ्यात पाणीही कमी लागते. जागा नसेल त्यांनी पाला वेगळा भरून नगरपरिषदेच्या गाडीत द्यावा.

शेजारी धूर झालाच तर दारे-खिडक्या लावून घ्याव्यात. नुसत्या रुमालाने हे कण अडत नाहीत. दमेकऱ्याने आपला पंप जवळ ठेवावा. एक वाक्य सलग बोलता येईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा मुलाच्या बरगड्या आत ओढल्या जाऊ लागल्या, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आगीवर रॉकेल-पेट्रोल कधीही ओतू नये. कपड्यांनी पेट घेतल्यास पळू नये, जमिनीवर लोळावे. भाजलेल्या जागी वीस मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. शाई, टूथपेस्ट, हळद किंवा बर्फ लावू नये. आग पसरू लागल्यास १०१ वर कळवावे.

लोक पन्हाळ्याला हवापालटासाठी येतात. ती हवा आधी येथे राहणाऱ्यांना मिळावी. उद्या काडी ओढण्यापूर्वी शेजारच्या घरात खोकणारे कोण आहे, एवढे आठवावे.