आधी भरतीचे गणित, मग पक्षिनिरीक्षण

मुंबईच्या पूर्वेस ठाण्याची खाडी आहे. हिवाळ्यापासून मेअखेरपर्यंत तेथे हजारो रोहित, म्हणजेच फ्लेमिंगो, उतरतात. खाडीच्या उत्तरेकडील भागास २०१५ मध्ये अभयारण्याचा आणि २०२२ मध्ये रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. दक्षिणेस शिवडीच्या किनाऱ्यावरूनही हे पक्षी पाहता येतात. परंतु केवळ सोयीचा रविवार पाहून सहल काढली, तर कधी नुसते पाणी दिसते, तर कधी दूरवर गुलाबी ठिपके!

असे का होते? धाकटा रोहित चोच उलटी धरून उथळ पाण्यातील सूक्ष्म शेवाळ गाळून खातो. त्यामुळे पाण्याचा काठ सरकेल तसा तोही सरकतो. चिखलाचा उतार २०० मीटरला १ मीटर आहे असे समजा. मग पाणी १ मीटर उतरताच काठ २०० मीटर दूर जाईल. उधाणाच्या वेळी मुंबईस भरती-ओहोटीतील फरक साधारण ३.५ मीटर असतो. तेव्हा पक्षी जवळ असण्याचा काळ थोडाच.

तो काळ कसा काढावा? चंद्र रोज पुढे सरकत असल्याने भरती दररोज सुमारे ४९ मिनिटे उशिरा येते. कोकणातला जुना ठोकताळा याच्याशी जुळतो: तिथीची पाऊणपट करा, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते. द्वितीयेस २ × ३/४ = १॥, म्हणजे सुमारे दीड वाजता. अष्टमीस सहा वाजता. ४५ आणि ४९ मिनिटांतला फरक साठत जाऊन पक्षाच्या अखेरीस उत्तर पाऊण तासाने चुकते, हे मात्र ध्यानात ठेवा.

आता सूर्याचा विचार करू. शिवडीहून खाडी पूर्वेस आहे. सकाळी ऊन डोळ्यांवर येते, दुपारनंतर पाठीशी असते. म्हणून प्रतिपदा ते तृतीया हे दिवस उत्तम. दुपारी भरती, आणि तीन-चारच्या सुमारास उघडा पडू लागलेला चिखल.

आठपट दुर्बीण असल्यास २०० मीटरवरचा पक्षी २५ मीटरवर असल्यासारखा दिसतो. तेव्हा चिखलात उतरू नका, दगड मारून थवा उडवू नका. पक्ष्यांनाही खाण्यासाठी मोजकेच तास मिळतात. प्रत्येक उड्डाणात त्यांची ऊर्जा खर्च होते.

सहलीची तारीख ठरवण्यापूर्वी वर्गात पुढील महिन्याच्या भरतीच्या वेळा काढा व छापील तक्त्याशी ताडून पहा. फरक कोणत्या तिथीस सर्वांत जास्त येतो?