धावण्याचा आरंभ



विडी कामगारांच्या मजुरीवर बोलणारा हा गृहस्थ आज धावण्याविषयी काय सांगणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. शंका रास्त आहे. मी आखाड्यातला माणूस नव्हे आणि डॉक्टरही नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढे जे शिकलो ते युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयात. परंतु वयाच्या बावन्नाव्या वर्षी एका मोर्चात घोषणा देता देता मला इतका दम लागला की घोषणा अर्धीच राहिली. तपासणीत मोठा रोग निघाला नाही. "बसून बसून गंज चढला आहे," एवढेच डॉक्टर म्हणाले. त्यानंतर तीन वर्षांत जे केले आणि जे वाचले, ते आज आपणापुढे ठेवतो.

प्रथम या गंजाविषयी. विडी वळणारी बाई मांडीवर सूप घेऊन दिवसभर बसते. दुकानदार गादीवर बसतो, कारकून खुर्चीवर. लंडनमध्ये जेरी मॉरिस नावाच्या डॉक्टरांनी १९५३ साली सहकाऱ्यांसह एक पाहणी प्रसिद्ध केली. तेथील दुमजली बसवर दोन नोकर असत. ड्रायव्हर दिवसभर बसलेला, तर कंडक्टर दिवसभर जिना चढत-उतरत असलेला. नोकरी एकाच खात्यातली. पण हृदयविकार ड्रायव्हरांत अधिक आढळला. नोकरीला लागतानाच ड्रायव्हरांची कंबर मोठी असते, हेही पुढे मॉरिस यांनीच गणवेशांच्या मापांवरून दाखवले. तेव्हा सारे श्रेय जिन्याला देता येत नाही. तथापि नंतरच्या अनेक पाहण्यांनी मूळ गोष्ट पक्की केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलेले प्रमाण असे: प्रौढ माणसाने आठवड्यातून किमान १५० मिनिटे भरभर चालण्यासारखा मध्यम व्यायाम करावा, किंवा किमान ७५ मिनिटे धावण्यासारखा जोराचा.

येथे कोणी विचारील, "रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून आमची कंबर मोडते, आम्ही आणखी कशाला धावायचे?" माझे उत्तर असे की, त्या दिवसांत धावूच नये. त्या शरीराला विश्रांती हवी आहे. मी बोलतो आहे ते बसून काम करणाऱ्यांविषयी, आणि हंगाम संपल्यावर शरीर आखडते त्यांच्याविषयी.

आता आरंभ कसा करावा? पहाटे रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले आपण पाहतो. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर घड्याळाशी झगडून काढायचे असतात. नवखा माणूस त्यांचे पाहून पहिल्याच दिवशी छाती फुटेस्तोवर धावतो, चौथ्या दिवशी पिंढरी धरून बसतो आणि "हे आपले काम नव्हे" असे ठरवून टाकतो. मीही तेच केले. चूक माझ्या वयाची नव्हती, घाईची होती. दम आणि हृदय काही आठवड्यांत सुधारू लागतात. पण स्नायूंना हाडाशी बांधणाऱ्या कंडरा आणि स्वतः हाडे यांना महिने लागतात. छाती "चल" म्हणते तेव्हा घोटा तयार झालेला नसतो. सभासद जोडण्याआधीच संप पुकारला तर जे होते, तेच येथे होते.

म्हणून पहिला महिना नुसते चालावे, रोज अर्धा तास. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून, पुढीलप्रमाणे करावे. आधी पाच मिनिटे चालणे आणि शेवटी पाच मिनिटे चालणे. मधली चोवीस मिनिटे मात्र वाटून घ्यायची. पहिले दोन आठवडे एक मिनिट धाव, दोन मिनिटे चाल, असे आठ वेळा. पुढचे दोन आठवडे दोन मिनिटे धाव, दोन मिनिटे चाल, असे सहा वेळा. मग तीन मिनिटे धाव, एक मिनिट चाल, हेही सहा वेळा. सातव्या-आठव्या आठवड्यात पाच मिनिटे धाव, एक मिनिट चाल, असे चार वेळा. जो टप्पा जड वाटेल तो आणखी एक आठवडा करावा. त्यात कमीपणा नाही. मला या आठ आठवड्यांच्या कामाला चौदा आठवडे लागले. आज मी अर्धा तास न थांबता धावतो, आणि माझ्या शेजारून म्हातारी सायकल सहज पुढे जाते.

वेग किती असावा? धावताना शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. शब्द तुटू लागले तर वेग कमी करावा. पाऊल लांब फेकू नये. आखूड आणि हलके टाकावे. दोन्ही पाय सारखे दुखले तर ती नव्या मेहनतीची सूचना समजावी. एकाच जागी, हाडावर बोट ठेवून दाखवता येईल असे दुखले तर थांबावे. छातीत दुखणे, भोवळ, अंधारी आली तर त्याच क्षणी थांबून दवाखाना गाठावा. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी आधीच डॉक्टरांना विचारावे. आपल्या भागात सिकलसेल पुष्कळ कुटुंबांत आहे. अशा माणसाला उन्हातली, तहानलेल्या अंगाने केलेली जोराची मेहनत घातक ठरू शकते. त्याची रक्ततपासणी आधी झालेली असावी.

आपल्याकडचा उन्हाळा कोणाला सांगायला नको. वैशाखात सूर्य वर येण्यापूर्वी आटोपावे, पाणी प्यावे, आणि उकाडा पहाटेही टिकून असेल तर नुसते चालावे. पावसाळ्यात धुऱ्यावरून धावू नये. गवतात साप दिसत नाही. आणि वाघाचे म्हणाल तर ती थट्टेची गोष्ट नाही. सीटी-१ हा वाघ ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा वनक्षेत्रात जेरबंद झाला. त्याआधी आपल्या आणि शेजारच्या जिल्ह्यांत त्याने तेरा माणसांचा बळी घेतला होता. म्हणून जंगलाकाठची वाट अंधारात धरू नये, एकट्याने तर नाहीच. गावातला मोकळा रस्ता, शाळेचे मैदान, पाचपंचवीस फेऱ्या, तेवढे पुरे. बाहेरचा आत्मविश्वास म्हणजे भीती नसणे नव्हे. कोणती भीती खरी आणि कोणती खोटी, हे ओळखता येणे म्हणजे आत्मविश्वास.

खोट्या भीतीविषयी बोलतो, कारण पाय तिनेच अधिक अडवले जातात. पहिल्या दिवशी एकाने मला विचारले, "काय हो, कोण मागे लागलंय?" मी लाजलो आणि चालू लागलो. आठवडाभर अंधार असेपर्यंतच बाहेर पडत होतो. मग युनियनमधल्या दोघांना बरोबर घेतले. तिघांना हसणे एकट्याला हसण्याइतके सोपे नसते. पंधरा दिवसांत विचारणाराच विचारू लागला की उद्या किती वाजता निघता.

बाईची अडचण याहून मोठी आहे. ती तेंदूपत्त्याला जाते, मोह वेचायला जाते, बांधीत जाते. तिला कोणी अडवत नाही. पण काम नसता, केवळ स्वतःच्या शरीरासाठी ती बाहेर पडली की सारी आळी विचारते, "कुठे चाललीस?" बुलढाण्याकडची शेतमजूर बाई लता करे यांनी २०१४ साली बारामतीच्या स्पर्धेतील तीन किलोमीटरची ज्येष्ठांची शर्यत लुगडे नेसून, अनवाणी धावून जिंकली. नवऱ्याच्या उपचाराला पैसे हवे होते. आपण टाळ्या वाजवल्या, त्या योग्यच होत्या. परंतु उपचारासाठी साठीतल्या बाईला धावावे लागावे, याची लाजही वाटली पाहिजे. धावणे ही गरिबाची शिक्षा नको, त्याची मोकळीक हवी.

मोकळीक मागावी लागते, हे आम्हा कामगारांना ठाऊक आहे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी रविवारची सुट्टी मागितली. १० जून १८९० रोजी मालकांनी ती मान्य केली. त्या वर्षीच्या कामगारसभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या होत्या. त्या सुट्टीतला थोडा वेळ आपल्या शरीराच्या वाट्याला यावा, एवढेच माझे मागणे आहे. घरातील पुरुषांना माझी विनंती आहे: आठवड्यातून तीन सकाळी चहा आपण करावा, आणि घरच्या बाईला शेजारणीबरोबर अर्धा तास बाहेर पडू द्यावे. "कुठे चाललीस?" हे विचारू नये.

उद्या पहाटे साडेपाचला आम्ही निघतो. पहिला महिना नुसते चालायचे आहे. तेव्हा कोणी मागे राहणार नाही.